बुद्धिबळाच्या पटावरील महासंख्या

बुद्धिबळाच्या जन्माविषयी एक दंतकथा फार प्राचीन काळापासून सांगितली जाते. या खेळाची निर्मिती करणाऱ्या विद्वानावर राजा प्रसन्न झाला व त्याने त्यास हवे ते मागण्यास सांगितले. विद्वानाने मागणी केली ती धान्याची. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवून चौसष्ट घरे भरून द्यावीत, एवढेच त्याचे मागणे होते. राजाला ते क्षुल्लक वाटले. कोठाराच्या अधिकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा मात्र सर्व राज्यातील धान्य देऊनही हे दान पुरे होणार नाही, असे दिसून आले.

ही कथा घडली की नाही, हे इतिहास सांगू शकत नाही. तथापि त्या हिशेबाचे उत्तर निश्चित आहे. चौसष्ट घरांतील दाण्यांची एकूण संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते. मध्य आशियातील थोर पंडित अल्-बिरुनी याने इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात हीच संख्या अचूक काढून दाखविली आहे.

या वीस अंकी संख्येचा उल्लेख बहुधा तिच्या प्रचंडपणासाठी केला जातो. परंतु संख्येचे मोठेपण केवळ तिच्या आकारात नसते. ही संख्या कशी तयार होते, ती कोणत्या अवयवांची बनलेली आहे आणि त्या अवयवांचा शोध घेताना जगातील एका श्रेष्ठ गणितज्ञाचा अंदाज कसा चुकला, हा इतिहास तिच्या आकाराहूनही अधिक उद्बोधक आहे.

संख्येचा विस्तार

प्रथम आकाराचीच कल्पना घेऊ. गव्हाच्या एक हजार दाण्यांचे वजन सर्वसाधारणपणे ४० ग्रॅम धरले, तर पटाच्या पहिल्या ओळीतील आठ घरांचे २५५ दाणे मुठीत सहज मावतात. पटाच्या पहिल्या अर्ध्या भागात, म्हणजे बत्तीस घरांत, एकूण ४,२९,४९,६७,२९५ दाणे होतात. त्यांचे वजन सुमारे १७२ टन भरते. दहा टनी सतरा-अठरा मालमोटारींत हे धान्य नेता येईल. येथवर राजाला चिंतेचे कारण नव्हते.

खरा प्रश्न दुसऱ्या अर्ध्या पटाचा आहे. तेहतिसाव्या घरातील दाणे हे आधीच्या सर्व बत्तीस घरांतील एकूण दाण्यांपेक्षा एकाने अधिक असतात. हा नियम प्रत्येक घराला लागू पडतो. कोणतेही घर घ्या, त्यातील दाणे मागील सर्व घरांच्या बेरजेहून एकाने जास्तच असतात. यामुळे संपूर्ण पटावरील गव्हाचे वजन सुमारे ७३,८०० कोटी टन होते. आज साऱ्या जगात वर्षाकाठी सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. या गतीने पट भरण्यास नऊशेहून अधिक वर्षे लागतील आणि तेवढ्या काळात कोणालाही त्यातील एक दाणा खाता येणार नाही.

हीच संख्या वेगळ्या रूपात १८८३ साली फ्रान्समध्ये पुन्हा अवतरली. एदुआर ल्युका या गणितज्ञाने तीन खुंट्या व चकत्या यांचा एक खेळ तयार केला. त्याच्याबरोबर काशीच्या मंदिरातील चौसष्ट सुवर्णचकत्यांची एक कथाही प्रसृत झाली. ती कथा मूळची काशीची नसून कल्पित आहे. मोठी चकती लहान चकतीवर न ठेवता चौसष्ट चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर नेण्यास कमीत कमी जितक्या हालचाली लागतात, त्यांची संख्या हीच वीस अंकी संख्या होय. दर सेकंदास एक हालचाल केली, तर या कामास सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या कालावधीचा अर्थ स्पष्ट होतो.

भास्कराचार्यांची रीत

चौसष्ट वेळा दुप्पट करून व बेरीज घेऊन हे उत्तर काढणे अतिशय कंटाळवाणे आहे. भारतीय गणितज्ञांनी यासाठी सुलभ मार्ग फार पूर्वीच शोधला होता. छंदःशास्त्रात लघू व गुरू अक्षरांच्या किती रचना संभवतात, हे मोजण्यासाठी दोनाचे घात काढावे लागत. पिंगलाच्या छंदःसूत्रात त्यासाठी वर्ग करण्याची युक्ती दिलेली आहे. तीच युक्ती भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती' या ग्रंथात श्रेढीच्या बेरजेसाठी सांगितली.

त्या ग्रंथातील एक उदाहरण मोठे मार्मिक आहे. एका दात्याने याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या व पुढे दररोज दुप्पट देण्याचे मान्य केले. तर एका महिन्यात त्याने किती निष्क दिले, असा प्रश्न आहे. महिना तीस दिवसांचा. रीत अशी की, तीस ही संख्या सम असल्यास निम्मी करावी व 'वर्ग' अशी खूण करावी. विषम असल्यास एक वजा करून 'गुण' अशी खूण करावी. शून्य येईपर्यंत असे करीत जावे. त्यानंतर शेवटच्या खुणेपासून उलट क्रमाने गुणाकार व वर्ग करीत वर यावे. यामुळे २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि १,०७,३७,४१,८२४ अशा मोजक्या पायऱ्यांत दोनाचा तिसावा घात मिळतो. त्यातून एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणले की, २,१४,७४,८३,६४६ कवड्या हे उत्तर येते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म व सोळा द्रम्मांचा एक निष्क या कोष्टकाने त्याचे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी व ६ कवड्या होतात.

पटाच्या बाबतीत ही रीत आणखी सोपी होते. चौसष्ट ही संख्या पुनःपुन्हा निम्मी करता येते. म्हणून केवळ सहा वेळा वर्ग केला की काम संपते. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६, त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि त्याचाही वर्ग केला की दोनाचा चौसष्टावा घात हाती येतो. त्यातून एक वजा केला की पटावरील दाणे मिळतात.

या प्राचीन विद्येचे महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आढळते. 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. पटावरील संख्या वीस अंकी असल्याने ती एकशे चौऱ्याऐंशी परार्धांहूनही अधिक भरते.

अर्ध्या पटातून अवयव

आता या संख्येच्या अंतरंगाकडे वळू. ज्या संख्येस एक व ती स्वतः यांखेरीज अन्य कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. प्रत्येक मोठी संख्या अशा मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनते. वीस अंकी संख्येचे मूळ अवयव शोधणे हे सामान्यतः अवघड काम. पण पटाची रचनाच येथे साहाय्यास येते.

पहिल्या दोन घरांतील दाणे ३. चार घरांतील दाणे १५, म्हणजे ३ गुणिले ५. आठ घरांतील २५५, म्हणजे १५ गुणिले १७. सोळा घरांतील ६५,५३५, म्हणजे २५५ गुणिले २५७. बत्तीस घरांतील दाणे म्हणजे ६५,५३५ गुणिले ६५,५३७. शेवटी चौसष्ट घरांतील दाणे म्हणजे बत्तीस घरांतील दाणे गुणिले ४,२९,४९,६७,२९७. घरांची संख्या दुप्पट होताच दरवेळी एक नवा अवयव जोडला जातो. शाळेत शिकविले जाणारे 'दोन वर्गांची वजाबाकी' हे सूत्रच याच्या मुळाशी आहे. कोणत्याही संख्येच्या वर्गातून एक वजा केला असता, त्या संख्येहून एकाने कमी व एकाने अधिक अशा दोन संख्यांचा तो गुणाकार असतो.

याप्रमाणे ३, ५, १७, २५७, ६५,५३७ व ४,२९,४९,६७,२९७ असे सहा अवयव मिळाले. यांतील पहिल्या पाच संख्या मूळ संख्या आहेत, हे पडताळून पाहता येते. सहावी संख्या कशी आहे, या प्रश्नाने जवळजवळ शंभर वर्षे गणितज्ञांना चकविले.

फर्मा यांचा विश्वास

पिएर द फर्मा हे सतराव्या शतकातील फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा व्यासंग. तरीही संख्याशास्त्रात त्यांची गणना अग्रगण्यांत होते. वरील मालिकेने त्यांचे लक्ष वेधले. १६४० साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी असे मत व्यक्त केले की, या क्रमातील सर्वच संख्या मूळ संख्या असाव्यात. आपल्याजवळ याची पूर्ण सिद्धता नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केले होते. परंतु नियमाविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. पाच उदाहरणे एकामागून एक खरी ठरली होती. मग सहावे खोटे का ठरावे?

या विधानाकडे तरुण लिओनार्ड ऑयलर यांचे लक्ष १७२९ साली गोल्डबाख या स्नेह्याच्या पत्राने वेधले गेले. ऑयलर त्या वेळी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे होते. १७३२ साली त्यांनी दाखवून दिले की, ४,२९,४९,६७,२९७ या संख्येस ६४१ ने निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. नियम सहाव्याच पायरीवर मोडला.

हा विभाजक योगायोगाने सापडलेला नव्हता. या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकास ६४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे, असे ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले. तेव्हा हजारो मूळ संख्या तपासण्याचे कारण उरत नाही. या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या अनुक्रमे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा आहेत. पाचव्याच प्रयत्नात उत्तर हाती लागते.

प्रत्यक्ष भागाकार न करताही याची खात्री पटविता येते. ६४१ ही संख्या ६४० अधिक १ आहे आणि ६२५ अधिक १६ देखील आहे. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येस ६४१ ने भाग जातो. कारण ६४० अधिक १ हा तिचा एक अवयव आहे. ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, अर्थात ५ गुणिले दोनाचा सातवा घात. म्हणून ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात होय. आता ६४१ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात या संख्येसही ६४१ ने भाग जातो, हे उघडच आहे. या दुसऱ्या संख्येतून पहिली वजा केली असता १६ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात अधिक १, म्हणजेच दोनाचा बत्तिसावा घात अधिक १, एवढेच शिल्लक राहते. दोन्ही संख्यांना ६४१ ने भाग जात असल्याने त्यांच्या वजाबाकीसही तो जाणारच. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास समजेल अशा या युक्तिवादाने एका थोर गणितज्ञाचा अंदाज खोटा ठरतो.

यानंतर पटावरील संख्येचे संपूर्ण स्वरूप उलगडते. ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ व ६७,००,४१७ या सात मूळ संख्यांचा गुणाकार म्हणजे ती संख्या. सातही अवयव प्रत्येकी एकदाच येतात. म्हणून तिच्या विभाजकांची संख्या दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८ होते. वीसही अंकांची बेरीज ८७ येते. तिला ३ ने भाग जातो, पण ९ ने जात नाही. यावरूनही ३ हा अवयव एकदाच असल्याची खूण पटते.

भूमितीशी अनपेक्षित संबंध

फर्मा यांचे अनुमान चुकले. पण त्यांची मालिका वाया गेली नाही. १७९६ साली अठरा वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने सतरा समान बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, हे सिद्ध केले. ग्रीक काळापासून दोन हजार वर्षे या प्रश्नात मूलभूत प्रगती झालेली नव्हती. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्मा यांच्या मालिकेतील मूळ संख्या किंवा अशा भिन्न मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे, ही अट पुढे निश्चित झाली.

अशा मूळ संख्या आजवर पाचच ज्ञात आहेत. त्या पाचांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ होतो. पट्टी व कंपास यांनी तत्त्वतः काढता येईल अशा विषम बाजूंच्या बहुभुजांपैकी ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या बहुभुजाच्या बाजूंची ही संख्या होय. अर्ध्या पटावरील गव्हाचे दाणेही नेमके तितकेच आहेत.

मालिकेतील पुढची संख्या तर पटावरील दाण्यांहून केवळ दोनाने मोठी आहे. १८८० साली फॉर्च्युने लान्द्री यांनी तिचे २,७४,१७७ व ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ — म्हणजे सहा व चौदा अंकी — असे दोन अवयव शोधून काढले. त्या वेळी त्यांचे वय ८२ वर्षांचे होते.

संगणकाच्या युगात

संगणक सर्व संख्या ० व १ या दोनच अंकांत लिहितो. चौसष्ट स्थाने असलेल्या कप्प्यात सर्वत्र १ लिहिला की जी सर्वांत मोठी संख्या होते, ती म्हणजे पटावरील दाण्यांचीच संख्या. आजचे बहुतेक संगणक व भ्रमणध्वनी चौसष्ट स्थानांच्या रचनेवर चालतात. विद्वानाच्या मागण्यातील ही संख्या अशा रीतीने प्रत्येकाच्या खिशात येऊन बसली आहे.

कप्पा लहान असला तर काय होते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. अनेक जुन्या संगणक प्रणाली १९७० च्या आरंभापासून लोटलेले सेकंद मोजून वेळ ठरवितात व त्यासाठी बत्तीस स्थानांचा कप्पा वापरतात. त्यातील एक स्थान अधिक-उणे चिन्हासाठी राखून ठेवल्याने कमाल संख्या २,१४,७४,८३,६४७ होते. भास्कराचार्यांच्या दात्याने दिलेल्या कवड्यांहून ती फक्त एकाने अधिक आहे. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा गाठली जाईल. म्हणूनच अशा प्रणालींमध्ये बत्तीसऐवजी चौसष्ट स्थाने योजण्याचे काम जगभर होत आले आहे.

प्रचंड वाटणारी संख्याही कायमची सुरक्षितता देत नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. चौसष्ट स्थानांची एक गुप्त किल्ली शोधण्याचा सार्वजनिक प्रयोग १९९७ साली सुरू झाला. हजारो स्वयंसेवकांच्या संगणकांनी एकेक शक्यता तपासत २००२ साली ती शोधून काढली. पटावरील संख्येइतक्या शक्यताही सामूहिक प्रयत्नांपुढे अपुऱ्या पडल्या. आज गुप्त व्यवहारांसाठी एकशे अठ्ठावीस किंवा त्याहून अधिक स्थानांच्या किल्ल्या वापरल्या जातात. शिवाय दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण त्या गुणाकारातून मूळ अवयव परत शोधणे अतिशय कठीण, या तत्त्वावर १९७७ साली एक गुप्तलेखन पद्धती तयार झाली. ज्या प्रश्नाने फर्मा यांना चकविले, तोच प्रश्न आता पैशाच्या व पत्रव्यवहाराच्या रक्षणासाठी उपयोगी पडत आहे.

उदाहरण आणि सिद्धता

फर्मा यांच्या मालिकेत शून्यापासून क्रमांक दिले, तर पाचव्यापासून बत्तिसाव्या क्रमांकापर्यंतची प्रत्येक संख्या संयुक्त आहे, हे आता सिद्ध झाले आहे. तेहतिसाव्या क्रमांकाच्या संख्येचा निर्णय मात्र अद्याप लागलेला नाही. पहिल्या पाच संख्यांनंतर या मालिकेत पुन्हा एखादी मूळ संख्या येते काय, हे कोणीही सांगू शकलेले नाही. सर्वच संख्या मूळ असाव्यात, या विश्वासापासून आरंभ झालेला हा शोध आज नेमक्या उलट प्रश्नापाशी येऊन थांबला आहे.

चौसष्ट घरांच्या या संख्येपासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दुपटीची वाढ आरंभी नगण्य भासते व पुढे आवाक्याबाहेर जाते, ही पहिली. राजाची चूक एवढीच की, त्याने पहिल्या ओळीवरून संपूर्ण पटाचा अंदाज बांधला. दुसरी गोष्ट अशी की, पाच उदाहरणे खरी ठरली म्हणून नियम खरा ठरत नाही. त्यासाठी सिद्धताच हवी. फर्मा यांनाही आरंभीच्या पाच पायऱ्यांनी चकविले. राजा व गणितज्ञ या दोघांची चूक, या दृष्टीने पाहिले तर, एकच होती. ती उमजण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक पाटी, एक पेन्सिल आणि ६४१ ने भागाकार करून पाहण्याची चिकाटी एवढे साहित्य पुरेसे आहे.